परसबागेचा जमाखर्च

मंचर सोडून पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगावकडे जाऊ लागले की दोन्ही बाजूंना भाजीपाला दिसू लागतो. तारेवर चढवलेला टोमॅटो, त्यापलीकडे कांदा, मधूनच फ्लॉवर आणि कोबी. सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पातल्या धरणांमुळे आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा बराच भाग मुंबई-पुण्याची भाजीमंडई झाला आहे. अशा ठिकाणी घरामागे चार वाफे करून भाजी लावायची म्हणजे नदीकाठी राहून रांजण भरून ठेवण्यासारखे आहे, असे आम्हाला अनेकांनी सांगितले. तरीही आम्ही ती लावली. आम्ही दोघे शिक्षक, दोन मुले शाळेत, आणि शेतीचा अनुभव शून्य. मंचरजवळच्या आमच्या घरामागे सुमारे १० फूट बाय ११ फूट, म्हणजे १० चौरस मीटर मोकळी जागा होती. तिथे रासायनिक खत आणि औषध न वापरता भाजी पिकवायची, एवढेच ठरले होते.

पहिले वर्ष जवळजवळ फुकट गेले. ते का गेले हे शोधताना जे विज्ञान हाती लागले, ते वर्गात शिकवण्याजोगे आहे असे वाटल्यामुळे हा लेख लिहीत आहोत.

पहिल्या वर्षी काय चुकले?

आमची समजूत साधी होती. युरिया घालायचा नाही आणि फवारणी करायची नाही, की झाली सेंद्रिय बाग! माती भुसभुशीत व्हावी म्हणून सुताराकडून पोतेभर लाकडाचा भुसा आणला, त्यात वाळलेला पाला मिसळला आणि सगळे कुदळीने मातीत कालवले. मेथी, पालक, टोमॅटो आणि मिरची लावली. उगवण चांगली झाली. मात्र तीन आठवड्यांनी झाडे जागच्या जागी थांबली. खालची पाने आधी फिकट आणि मग पिवळी झाली. वरची पाने मात्र हिरवीच होती.

खालून वर चढणारा हा पिवळेपणा म्हणजे नत्राच्या टंचाईची खूण असते. नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतले नत्र काढून कोवळ्या शेंड्याकडे पाठवते. लोहाची टंचाई असेल तर उलट घडते आणि कोवळी पाने आधी पिवळी पडतात, कारण लोह पानातून सहजी हलवता येत नाही. मुलांना दोन्ही प्रकारची पाने शेजारी ठेवून दाखवली, तर झाडातही पदार्थांची ने-आण चालते हे चटकन समजते.

पण आम्ही तर एवढा काडीकचरा मातीत घातला होता. मग नत्र गेले कोठे?

ते जिवाणूंनी घेतले होते. भुसा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या शरीरात कर्बाचे साधारण ८ भाग असतील, तर नत्राचा १ भाग असतो. आपल्यासारखेच तेही खाल्लेल्यातला बराच कर्ब श्वसनात जाळतात. समजा, त्यांनी कर्बाचे २४ भाग खाल्ले, तर सुमारे १६ भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात आणि ८ भाग शरीरात राहतात. त्या ८ भागांसाठी त्यांना नत्राचा १ भाग लागतो. म्हणून कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण २५ ते ३० ला १ असे असेल, तर कचरा व्यवस्थित कुजतो. लाकडाच्या भुशात हेच प्रमाण काही शेकड्यांना १ असते. त्यात जिवाणूंना कर्ब भरपूर मिळतो, पण नत्र मिळत नाही. मग ते मातीतले नत्र उचलतात. झाडाच्या मुळांपेक्षा जिवाणू चपळ असल्याने झाड उपाशी राहते. जिवाणू मेल्यावर हे नत्र पुन्हा मोकळे होते, पण तोवर आमची मेथी संपली होती.

कच्चे शेण थेट वाफ्यात टाकल्यासही त्रास होतो. न कुजलेल्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या येतात आणि मुळे कुरतडतात. म्हणून कोणताही कचरा आधी ढिगात कुजवायचा आणि मगच मातीत घालायचा, हा पहिला नियम आम्ही शिकलो.

खर्चाची बाजू

दुसऱ्या वर्षी मुलांच्या वहीत एक पान आखले. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. बागेतून आपण नेमके काय बाहेर नेतो, हे आधी लिहायचे ठरले.

इथे प्रथिनांचे कोष्टक उपयोगी पडते. प्रथिनांमध्ये साधारण सहावा हिस्सा नत्र असते; नेमके सांगायचे तर प्रथिनांच्या वजनाला ६.२५ ने भागले की नत्राचे वजन मिळते. १०० ग्रॅम मेथीत सुमारे ४ ग्रॅम आणि पालकात सुमारे २ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे पालेभाजीसाठी सरासरी ३ टक्के प्रथिने, अर्थात जवळजवळ अर्धा टक्का नत्र. टोमॅटो, वांगी, भेंडी, दोडका यांत प्रथिने कमी असल्याने नत्र सरासरी ०.२ टक्के धरता येते.

आमच्या १० चौरस मीटरमधून वर्षाला २० किलो पालेभाजी आणि ३० किलो फळभाजी निघावी असे धरले. २० किलो पालेभाजीबरोबर १०० ग्रॅम आणि ३० किलो फळभाजीबरोबर ६० ग्रॅम नत्र बाहेर जाते. एकूण १६० ग्रॅम. स्फुरद, पालाश आणि इतर द्रव्येही जातात, पण नवशिक्याने एका नत्राचा हिशेब नीट ठेवला तरी बरेच साधते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या सूचनांप्रमाणे माणसाला बटाटा सोडून दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाजी हवी. चौघांच्या घराला वर्षाला ५८० किलोंहून अधिक भाजी लागते. आमची ५० किलो म्हणजे जेमतेम एका महिन्याची बेगमी. एवढ्या बागेवर घर चालत नाही. ऐन वेळी मूठभर कोथिंबीर मिळते, आठवड्यातून एकदोनदा ताजी पालेभाजी मिळते आणि माती कशी वागते हे समजते. यापेक्षा मोठी आशा धरून सुरुवात केली की निराशा ठरलेली.

जमेची बाजू

घरातला ओला कचरा रोज अर्धा किलो धरला, तर वर्षाचा १८० किलो होतो. आकडा मोठा वाटतो, पण त्यात ८० टक्के पाणीच असते. उरलेल्या ३६ किलो कोरड्या भागापैकी निम्मा कुजताना कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. हाती राहते सुमारे १८ किलो कोरडे खत. त्यात दीड टक्का नत्र धरले तरी ते २७० ग्रॅम भरते. त्यातलेही सगळे लगेच झाडाला मिळत नाही. सेंद्रिय खतातले नत्र जिवाणूंनी मोकळे करावे लागते आणि पहिल्या वर्षी ढोबळमानाने चौथा हिस्साच मोकळा होतो. म्हणजे ६०-६५ ग्रॅम.

त्यात शेजारच्या गोठ्यातले चांगले कुजलेले शेणखत पाच घमेली, म्हणजे सुमारे ५० किलो, मिळवले. शेणखतात नत्र अर्धा टक्का असते. त्यातून २५० ग्रॅम आले, पण पहिल्या वर्षाचा वाटा पुन्हा ६० ग्रॅमच. मातीत मुळात असलेल्या सेंद्रिय भागातून २०-२५ ग्रॅम मोकळे होईल असे धरले. जमेची बेरीज १४५ ग्रॅमच्या आसपास आली. खर्च १६०. शिवाय पावसाबरोबर थोडे वाहून जाणारच. खाते तुटीचे!

ही तूट भरून काढायला कडधान्ये कामाला येतात. चवळी, वाल, गवार यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतले नत्र पकडून झाडाला देतात. जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्ट यांनी १८८६ ते १८८८ या काळात हे प्रयोगांनी दाखवून दिले. चवळीचे महिन्या-सव्वा महिन्याचे झाड हळूच उपटून मुळावरची एक गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी रंग दिसला, तर गाठ काम करते आहे असे समजावे. हा रंग आपल्या रक्तातल्या हीमोग्लोबिनच्या कुळातल्याच एका प्रथिनाचा असतो. मात्र पकडलेले बरेचसे नत्र शेंगांमधून आपणच खातो. मातीला फायदा हवा असेल तर शेंगा तोडल्यावर झाड उपटून फेकू नये. जमिनीलगत कापून मुळे तशीच मातीत ठेवावीत आणि पाला ढिगावर टाकावा. कडधान्याचा बेवड चांगला, हे शेतकरी पूर्वापार सांगत आले आहेत. त्यामागचे एक कारण हे आहे.

आता पहिल्या वर्षी न मिळालेल्या तीन चतुर्थांश नत्राचे काय होते, ते पाहू. ते मातीतच राहते आणि पुढील वर्षांत थोडे थोडे मोकळे होते. ही जणू मुदत ठेव. दरवर्षी ठेव ठेवत गेलो की चौथ्या-पाचव्या वर्षी जुन्या ठेवींचे नत्रही मिळू लागते. सेंद्रिय बाग पहिल्या वर्षी रडवते आणि पुढे सुधारते, असे जे म्हणतात, त्यात गूढ काही नाही. ‘काहीच न घालणे’ म्हणजे सेंद्रिय नव्हे. बाहेर नेले तेवढे परत करणे म्हणजे सेंद्रिय.

ढीग कसा रचावा

कचऱ्यापासून शास्त्रशुद्ध खत करण्याची जी पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर पोहोचली, ती अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत विकसित केली. १९३१ च्या पुस्तकात त्यांचे सहलेखक होते यशवंत वाड. काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओल राखायची आणि ढीग अधूनमधून वरखाली करायचा, हे तिचे सूत्र.

घरी यासाठी तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तेवढाच उंच ढीग पुरतो. याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. खाली काटक्या, त्यावर वीतभर वाळला पाला, त्यावर स्वयंपाकघरातला ओला कचरा, मग शेणकाला आणि मूठभर जुने खत. दह्याला विरजण लावतो तसे हे जुने खत काम करते. ढीग जमला तर आतले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि तणांचे बरेच बी मरते. ढिगाला घाण वास आला तर हवा कमी पडते आहे. वाळला पाला मिसळून ढीग उलटावा. ढीग थंडच राहिला तर ओल किंवा नत्र कमी आहे, शेणकाला शिंपडावा. तीन-चार महिन्यांत खत काळे, मोकळे आणि पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचे होते. राख मात्र बेताने घालावी. आमच्याकडची काळी जमीन आधीच विम्ल असते आणि राखही विम्लच.

जीवामृताबद्दल अनेकजण विचारतात. त्यालाही हाच हिशेब लावून पाहू. एका एकरासाठीच्या २०० लिटर जीवामृतात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ आणि २ किलो बेसन असते. या सर्वांतले नत्र जेमतेम २०० ग्रॅम भरते. एकरात ४००० चौरस मीटर असतात. म्हणजे आमच्या बागेच्या वाट्याला एका वेळी अर्धा ग्रॅम. तेव्हा ते खत म्हणून पुरणार नाही, हे उघड आहे. ते खत नसून विरजण आहे, असे त्याचे पुरस्कर्तेही सांगतात. ते विरजण आपल्या मातीत किती लागू पडते, हे दोन सारखे वाफे करून, एकाला जीवामृत आणि दुसऱ्याला तेवढेच पाणी देऊन, वजनकाट्यावर पाहावे.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मे महिन्यात दिवसाला ६ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर १० चौरस मीटरला रोज ६० लिटर, म्हणजे चार बादल्या लागतात. भीमाशंकरच्या बाजूला पावसाळ्यात पाण्याचे लोट असतात आणि त्याच आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला उन्हाळ्यात हंड्यासाठी फिरावे लागते. तेव्हा उन्हाळ्यात सगळी जागा लावण्याचा हट्ट नसावा. आम्ही निम्मे वाफे उसाच्या पाचटाने झाकून विश्रांतीला ठेवतो आणि उरलेल्यांत तांदुळजा आणि गवार लावतो. भाज्या आणि तांदूळ धुतलेले पाणी बागेत जाते, साबणाचे नाही.

पावसाळ्यात उलटी अडचण येते. काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळत नाही. म्हणून गादीवाफे वीतभर उंच करावेत. वाफसा आल्याशिवाय खुरपे लावू नये; ओल्या काळ्या मातीत काम केले की ढेकळे होतात.

कीड आणि शेजारचे शेत

टोमॅटोची पाने पोखरणारी टूटा नावाची दक्षिण अमेरिकेतली अळी भारतात प्रथम २०१४ साली महाराष्ट्रात आढळली. २०२० च्या उन्हाळ्यात नारायणगाव परिसरातल्या टोमॅटोवर विचित्र रोग आला. फळे एकसारखी पिकेनात, आतून काळी पडू लागली. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने तपासल्यावर त्यात काकडीवरच्या मोझॅक विषाणूचा हात दिसला. हा विषाणू मावा पसरवतो. एकाच जातीची हजारो झाडे शेजारी शेजारी असली, की एका झाडावरून दुसऱ्यावर जायला माव्याला काहीच कष्ट पडत नाहीत.

आमच्या वाफ्यात टोमॅटोशेजारी कांदा, पलीकडे झेंडू, मग मेथी अशी सरमिसळ असते. किडीला सलग चरायला मिळत नाही आणि आम्ही रोज प्रत्येक पान पाहू शकतो. अळी दिसली तर हाताने वेचतो. मावा वाढला तर ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवतो, गाळून चिमूटभर साबण घालतो आणि संध्याकाळी फवारतो. निंबोळीतला किडींची भूक मारणारा घटक उन्हात लवकर विघटित होतो, म्हणून ही वेळ.

इथेही एकदा चूक झालीच. काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या, मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या आम्ही मोठ्या उत्साहाने वेचून मारल्या. नंतर कळले की ती ढालकिड्याची पिल्ले होती आणि मावा खाण्यासाठीच तिथे आली होती. तेव्हापासून घरात नियम आहे: आधी ओळख, मग शिक्षा.

फवारणीवाचून आमचे चालते, म्हणून शेजारच्या शेतकऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला मिळत नाही. आमचे चार टोमॅटो डागी निघाले तरी भाजीत जातात; बाजारात डागी मालाला भाव नाही. नत्राचेही तेच. ४५ किलो युरियाच्या गोणीत २० किलोंहून अधिक नत्र असते. तेवढेच नत्र शेणखतातून द्यायचे तर चार टन शेणखत लागेल आणि तेही पहिल्या वर्षी पूर्ण मिळणार नाही. एवढे शेण आणणार कोठून? २०२३ च्या जुलैत नारायणगावला २० किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव मिळाला, पण इतर अनेक वर्षी तोच टोमॅटो तोडणीच्या खर्चालाही परवडत नाही. अशा शेतकऱ्याचा जमाखर्च आमच्या वहीपेक्षा फार अवघड आहे. हे कळणे, हाही परसबागेचा एक फायदा.

बियाणे

दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या गावांत, पावसाळ्यात घराजवळच्या मांडवावर दोडका, काकडी, डांगर, वाल चढवण्याची रीत जुनी आहे. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच गावठी वाणांचे बी जमवून बियाणे बँक उभी केली आणि त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला. वाल, चवळी, टोमॅटो या पिकांत बहुधा स्वपरागण होत असल्याने गावठी वाणाचे बी घरी धरता येते. संकरित टोमॅटोचे बी धरले तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत. मेंडेलचा धडा वाफ्यातच दिसतो.

वेलांना फुले खूप येतात आणि फळ धरत नाही, अशी नवशिक्याची तक्रार असते. काकडी, डांगर, दोडका यांत नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ आधीच दिसते. मधमाश्या कमी असतील तर नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच टेकवावे. डांगर आणि काकडीसाठी हे सकाळी करावे, दोडक्यासाठी संध्याकाळी, कारण त्याची फुले तेव्हा उमलतात.

शाळेत करून पाहण्यासाठी

सारख्या मापाच्या तीन कुंड्या घ्या. तिन्हींत एकच माती भरा. पहिलीत काही मिसळू नका, दुसरीत दोन मुठी लाकडाचा भुसा आणि तिसरीत दोन मुठी कुजलेले खत मिसळा. प्रत्येकीत मेथीचे वीस दाणे पेरा. पाणी समान द्या. दर आठवड्याला रोपांची उंची आणि पिवळ्या पानांची संख्या लिहून ठेवा. पाचव्या आठवड्यात रोपे कापून वजन करा. दुसऱ्या कुंडीतली रोपे तशीच का राहिली, हे मुलांना आधी विचारा आणि उत्तर शेवटी सांगा. ज्या शाळेत पोषण आहारासाठी परसबाग आहे, तिथे जमाखर्चाची वहीही ठेवता येईल: आज किती किलो भाजी तोडली, त्यातून किती नत्र गेले, आणि ढिगावर काय परत टाकले.